वाचकांचे प्रश्न : युद्ध आणि हिंसेवरील चर्चासत्र कसे आखावे?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग येत्या वर्षी ‘१५०० ते १८०० या काळातील युद्ध आणि हिंसा’ या विषयावर दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र घेणार आहे. विषय फार पसरट आहे, असे काही सहकाऱ्यांना वाटते. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांचा विषय काढल्यास नसता वाद ओढवेल, अशी व्यवस्थापनाला धास्ती आहे. तारखा डिसेंबरमधल्या घ्याव्यात, असा विचार चालू आहे. आखणी कशी करावी? — एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. शोधनिबंधांच्या आवाहनात एवढाच विषय दिला, तर पानिपतापासून प्लासीपर्यंतच्या लढायांची वर्णने ढिगाने येतील आणि एका निबंधाचा दुसऱ्याशी काही संबंध लागणार नाही. त्याऐवजी सर्वांपुढे एकच प्रश्न ठेवावा : पगार थकलेले सैन्य कोणाच्या जिवावर पोसले जात होते आणि त्याची नोंद कोणी करून ठेवली? युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन याने जर्मन मुलखातून सक्तीची वसुली करून फौज उभी ठेवली. मराठी फौजांचा खर्चही पुष्कळ अंशी चौथाई आणि खंडणी यांतूनच भागत असे. सावकाराचे कर्ज, शिपायांची थकबाकी आणि गावांची लूट यांचा परस्परसंबंध दोन्हीकडे तपासता येतो. इतिहासकार मायकेल रॉबर्ट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘लष्करी क्रांती’च्या सिद्धान्तापासून (युद्धतंत्र बदलल्याने सैन्य आणि राज्यव्यवस्थाही बदलली, असे तो सांगतो) तोफा, तटबंदी आणि कवायत यांवर विपुल लेखन झाले आहे, त्या बाजूला एक सत्र पुरे.

व्यवस्थापनाचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. नागपुरात या विषयावर चर्चासत्र घेऊन बंगाल वगळणे म्हणजे नवरदेवाला घरी ठेवून वऱ्हाड नेण्यासारखे होईल. पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालमध्ये शिरले. दोनच वर्षांनी, १७४४ मध्ये, बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने त्यांना बोलणीसाठी मनकरा येथे बोलावून आपल्या डेऱ्यात दगाफटक्याने ठार केले. अखेर १७५१ च्या तहाने वर्षाला बारा लाख रुपयांची चौथाई ठरली आणि ओडिशावर भोसल्यांचा अंमल बसला. आपल्याकडे या हकिगती बहुधा पराक्रम आणि विश्वासघात या दोनच अंगांनी सांगितल्या जातात. बंगालमधील गंगाराम या कवीने त्याच सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात बारगिरांच्या (मराठी घोडेस्वारांच्या) भीतीने पळणारे लोक दिसतात : पंडितांच्या अंगावर पोथ्यांचे ओझे आहे, सोनारांच्या हाती तराजू आहे. हाच कवी प्रारंभी मराठ्यांची स्वारी पापी लोकांना मिळालेली दैवी शिक्षा म्हणून रंगवतो आणि पुढे त्यांच्या अत्याचारांमुळे देवीच भास्कररामांवर उलटते, असे दाखवतो. म्हणजे हे साधनही सरळ साक्ष म्हणून वापरता येत नाही. एका सत्रात हे काव्य आणि मराठी पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, बांगला जाणणारा एक अभ्यासक आणि मोडी जाणणारा एक अभ्यासक समोरासमोर बसवावेत. वादाची भीती असेल, तर त्या सत्रापुरते निबंध आवाहनातून न मागवता निमंत्रणाने घ्यावेत आणि ते आधी वाचून पाहावेत. विषयच टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

सत्रे समांतर ठेवू नयेत. दोन दिवसांत बारा-चौदा निबंध, प्रत्येकाला वीस मिनिटे आणि तेवढाच वेळ चर्चेला, याहून अधिक काही साधत नाही. सात-सात मिनिटांत पन्नास निबंध उरकून प्रमाणपत्रे वाटण्याची जी रीत पडली आहे, तिने प्राध्यापकांच्या फायली जाड होतात, एवढेच. गोषवाऱ्यात कोणते मूळ साधन वापरले आहे हे लिहिण्याची अट घातली, की निम्मी गर्दी आपोआप ओसरते.

डिसेंबर टाळावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले, की विश्रामगृहे आणि हॉटेले मिळणे मुश्कील होते, शिवाय महिनाअखेरीस बहुधा इंडियन हिस्टरी काँग्रेस या इतिहासकारांच्या संस्थेचे अधिवेशन असल्याने चांगले वक्ते तिकडे गुंततात. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचे पहिले आठवडे बरे. अभ्यासभेटीसाठी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला मोह घालतो, कारण १५ डिसेंबर १८०३ रोजी तो इंग्रजांनी घेतला आणि दोनच दिवसांनी भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. पण चिखलदऱ्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. भोसले आणि इंग्रज यांच्या नोव्हेंबर १८१७ च्या लढाईची सीताबर्डीची टेकडी शहरातच आहे. तेथील किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे परवानगीचा अर्ज पाहुण्यांच्या तिकिटांआधी करावा. पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेलाही विद्यार्थ्यांची भेट ठरवता येईल.

प्रश्न : मी एम.ए.ला आहे. अशा चर्चासत्रात मोडी पत्रांवरचा निबंध मराठीत वाचला तर चालेल का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : अवश्य चालावा. आवाहनात भाषेचा उल्लेख नसेल, तर आयोजकांना आधी विचारून घ्यावे. पत्रातला उतारा मूळ शब्दांत द्यावा, त्याचा सारांश देऊन भागवू नये. तारखांकडे विशेष लक्ष असू द्यावे : मराठी पत्रांवर येणारा सुहूर सन (अरबी वळणाची जुनी कालगणना) मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या पत्राला ६०० मिळवून इसवी सन काढावे लागते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून तिचा सुहूर सन ११६१. त्याच मोहिमेतील नोव्हेंबर १७६० च्या पत्रावरही ११६१ च असतो. सरसकट ६०० मिळवल्यास ते पत्र नोव्हेंबर १७६१ चे ठरेल आणि लढाईआधीचा मजकूर लढाईनंतरचा म्हणून वाचला जाईल.