मारानाथा : यात नाथ नाही, ‘आमचा’ आहे

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘आमच्या घरगुती प्रार्थनासभेत शेवटी सगळे मिळून “मारानाथा” म्हणतात. सभा चालवणारे बंधू सांगतात की हा शब्द आपल्याकडचाच, मारा नाथा म्हणजे माझ्या नाथा. दुसरे एक जण म्हणतात की तो जगाच्या अंताचा इशारा आहे. यातलं खरं काय? आणि लिहायचा कसा, सलग की तोडून?’

‘माझ्या नाथा’ हे साफ चूक. वसईपासून सावंतवाडीपर्यंत ही फोड ऐकून मी वैतागलो आहे. ‘माझा’ला ‘मारा’ म्हणतात ते गुजरातीत. मराठीत माझा, मालवणीत माझो. आपल्या माणसाला ‘हा तुझाच शब्द’ असं सांगताना त्याच्या तोंडी गुजराती सर्वनाम घालायचं, याला काय म्हणावं? काही जण ‘मरण आता’ अशीही फोड करतात आणि तिच्यावर अख्खं प्रवचन उभं करतात. कानाला जुळलं म्हणजे व्युत्पत्ती झाली, असं नसतं.

शब्द अरामी आहे. येशू आणि त्याचे शिष्य रोज जी भाषा बोलत, ती ही. ‘मार’ म्हणजे धनी. त्याला ‘आन’ लागला की झालं ‘मारान’, आमचा धनी. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत ‘सोमी’ म्हणतात, म्हणजे आपला स्वामी, तोच भाव. उरलेला तुकडा ‘येणे’ या धातूचा. तेव्हा ‘नाथ’ बनवायला लोक जो ‘ना’ उचलतात, तो मुळात ‘आमचा’ दाखवणाऱ्या प्रत्ययातला आहे. ‘आमचा’ फोडायचा आणि त्याच्या चुऱ्यातून ‘माझा’ घडवायचा! सगळ्या मंडळीने एकत्र म्हणायच्या शब्दातून मंडळीच काढून टाकली जाते, हे मला सहन होत नाही.

या ‘मार’चं कूळ मोठं देखणं आहे. केरळातल्या सुरियानी (अरामीचीच एक बोली) परंपरेच्या बिशपांच्या नावाआधी ‘मार’ लागतो तो हाच, आणि मार थोमा मंडळीच्या नावातलाही हाच. पण मला सगळ्यात आवडतं ते त्याचं स्त्रीलिंगी रूप : मार्था. धनी आणि धनीण, तसं मार आणि मार्था. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू घरी येतो, बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते आणि मार्था पाहुणचाराच्या धबडग्यात अडकते. धनी दारात आलेला आणि धनीण स्वयंपाकघरात! नावांचे अर्थ ठाऊक असतील तर ती गोष्ट निराळीच ऐकू येते. (रूथच्या पुस्तकात नामी स्वतःला ‘मारा’ म्हणवून घेते, तो शब्द वेगळा. त्याचा अर्थ कडू.)

आता इशाऱ्याचं. बायबलमध्ये हा शब्द एकदाच येतो, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 16:22 मध्ये. सुमारे इ. स. 55 मधलं हे पत्र. पौल शेवटचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहितो, जो प्रभूवर प्रीती करत नाही तो शापित असो असं म्हणतो, आणि लगेच पुढे लिहितो ‘मारानाथा’. शेजार शापाचा, म्हणून हाही शापच, असा समज युरोपात शतकानुशतकं चालला. 1611 च्या इंग्रजी बायबलात तर ‘शापित’साठीचा शब्द आणि ‘मारानाथा’ हे दोन्ही मध्ये विराम न देता छापलेत. आपल्याकडचे ‘इशारा’वाले त्याच वाटेने गेले आहेत. शाप तिथे संपतो आणि प्रार्थना सुरू होते. करिंथचे लोक ग्रीक बोलणारे, तरी पौल अर्थ सांगत बसत नाही. आमेन, हालेलूया, होसान्ना यांचा अर्थ जसा कुणाला सांगावा लागत नव्हता, तसाच हा शब्दही उपासनेतून तोंडात बसलेला होता.

कुठल्या उपासनेतून? याचं उत्तर ‘दिदाखे’त आहे, म्हणजे ‘बारा प्रेषितांच्या शिकवणी’त. या छोट्या प्राचीन पोथीची 1056 साली उतरवलेली प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. तिच्या दहाव्या अध्यायात भोजनानंतरची आभाराची प्रार्थना आहे. तिच्या शेवटी कृपा येवो, हे जग सरो अशी विनवणी, मग जो पवित्र आहे त्याने यावं, नाही त्याने पश्चात्ताप करावा, आणि मग मारानाथा, आमेन. सोळावा अध्याय अंतकाळाचा. दिवे विझू देऊ नका, कंबर कसलेली असू द्या, तयार राहा, कारण आपला प्रभू कोणत्या घटकेला येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि लगेच पुढचं सांगणं : वारंवार एकत्र जमा. तयारी म्हणजे एकेकट्याने कोपऱ्यात बसून तारखांचे हिशेब मांडणं नव्हे, एकत्र जमणं. ‘आमचा’वर मी एवढा अडून बसलो आहे तो यासाठी.

जाणकारांचा खरा वाद पुढे आहे. जुन्या ग्रीक पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे ‘मारान अथा’ वाचा किंवा ‘माराना था’. पहिल्याचा अर्थ आमचा प्रभू आला, दुसऱ्याचा आमच्या प्रभो, ये. चौथ्या शतकातला धर्मगुरू क्रिसोस्तोम याने ‘आला’ घेतलं. आजचे बहुतेक अभ्यासक ‘ये’ घेतात, कारण बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीस ‘ये, प्रभू येशू’ अशीच हाक आहे. माझाही कौल ‘ये’लाच. पण ‘आला’ म्हटलं की भूतकाळ, मग वाट कसली पाहायची, असं म्हणून जे क्रिसोस्तोमाला मोडीत काढतात त्यांनी मराठी क्रियापदाकडे जरा बघावं. हाक मारल्यावर आपण आतून ‘आलो, आलो’ म्हणतो, तेव्हा आपण आलेलो असतो का? वळणावर एसटीचा आवाज आला की थांब्यावरची माणसं पिशव्या उचलतात आणि म्हणतात, ‘आली’. वरात अजून पाणंदीत असते आणि मांडवात ओरडा होतो, ‘नवरा आला!’ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींना मध्यरात्री उठवणारी हाक याच जातीची. तिथे जुन्या ग्रीक पाठांत क्रियापदच नाही, नुसतं ‘पाहा, नवरा!’ येणं इतकं नक्की की ते झाल्यासारखंच बोलायचं, ही सोय मराठीत रोजची आहे. माझ्या मते ‘प्रभू आलाच’ या दोन शब्दांत दोन्ही पक्ष नांदतात. त्या ‘च’चं काम दुसऱ्या भाषांना वाक्य खर्चून करावं लागतं.

मात्र एका जागी मराठी सूट देत नाही. अरामीच्या ‘आन’ला आमचा आणि आपला यांत भेद नाही, आपल्याला आहे. एकमेकांना सांगायचं असेल तर ‘आपला प्रभू आला’. प्रभूलाच म्हणायचं असेल तर ‘आमच्या प्रभो, ये’. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणणाऱ्यांना हे अचूक कळलं होतं. हल्ली मात्र हिंदी ‘हम’च्या सवयीने सर्रास ऐकू येतं, ‘हे प्रभू, आपण सगळे तुझी वाट पाहतो’. यात ‘आपण’मध्ये प्रभूही आला, म्हणजे तोही स्वतःची वाट पाहत बसला. प्रार्थना चालवणाऱ्यांनी एवढं तरी सांभाळावं : तोंड त्याच्याकडे असेल तेव्हा ‘आम्ही’, मंडळीकडे असेल तेव्हा ‘आपण’. लिहिताना शब्द सलग ‘मारानाथा’ लिहा. उच्चार शिकवायचा असेल तर ‘माराना’वर थांबून ‘था’ म्हणायला लावा.

आणि हा शब्द कोकणात कालपरवा पुनरुज्जीवन सभांबरोबर आला, किंवा फार तर पोर्तुगिजांबरोबर, असं जे ठासून सांगतात त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. सहाव्या शतकाच्या मध्यात अलेक्झांड्रियाचा कॉस्मास हा व्यापारी लिहितो की मिरी पिकते त्या ‘माले’त, म्हणजे मलबारात, ख्रिस्ती आहेत, आणि ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशपही आहे. इराणी मंडळीची उपासनेची भाषा हीच सुरियानी. ‘मारान ईशो मशीहा’, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, हे तिच्यातले नेहमीचे शब्द. ‘लाखू मारा’ हे त्यांचं प्राचीन स्तोत्र ‘तुला, हे प्रभो’ असंच सुरू होतं.

कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण. काही विद्वान त्याला खाली कोल्लमकडे नाहीतर उडुपीजवळ ओढून नेतात. त्यांनी कॉस्मासची बंदरांची यादी वाचली तरी आहे का? तो सिंधूकडून खाली येतो : आधी कल्लियाना, मग सिबोर, जे बहुतेकांच्या मते चौल, आणि त्यानंतर मालेची पाच बंदरं. चौलच्या वर आणि मालेच्या बाहेर असलेलं कल्लियाना कोल्लम कसं होईल? त्याच्या आधी पाचशे वर्षं ‘पेरिप्लस’ या ग्रीक बंदरवर्णनातही सोपाऱ्यापाठोपाठ कल्लियेना येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे कल्याणचे रहिवासी नोंदवलेले आहेत. व्यापारी बंदर, बाहेरून आलेली वस्ती, तिचा बिशप, त्याची सुरियानी उपासना, हे सगळं एका जागी मिळतं. उल्हासच्या खाडीवर ‘मारान’ हा शब्द पोर्तुगिजांच्या आधी हजार वर्षं उच्चारला जात होता, यावर मी ठाम आहे.

तो मध्ये पुसूनही गेला नव्हता. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते याच सुरियानी परंपरेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबात. म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागायच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात ती घरं होती. 1988 साली केरळातल्या सुरियानी परंपरेच्या सिरो-मलबार मंडळीचा नवा धर्मप्रांत निघाला, त्याचं नाव कल्याण. तिथल्या उपासनेत आजही ‘लाखू मारा’चं स्तोत्र गातात.