थंडीतला वेग मुंबईत नेऊ नका

प्रश्न : नमस्कार सर. मी साताऱ्यातल्या गोडोलीत राहते, वय ४१, शाळेत शिकवते. जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन पळणार आहे. पहाटे साडेपाचला घराबाहेर पडते. थंडी वाढल्यापासून सुरुवातीला पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि घरी आल्यावर बराच वेळ कोरडा खोकला येतो. सासूबाई म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत पळणं बंद ठेव. पण वेग मात्र वाढलाय, सात मिनिटांत किलोमीटर आरामात होतो. काय करू?

उत्तर : ताई, पळणं बंद करू नका, पण खोकल्याकडे काणाडोळाही करू नका. धावताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. पहाटेची गार, कोरडी हवा नाकात गरम व्हायच्या आधीच आत जाते, श्वासनलिका कोरडी पडून आवळते आणि खोकला सुटतो. नाका-तोंडावरून पातळ सुती रुमाल बांधा. पहिली दहा मिनिटं नुसतं झपझप चाला, मग हळू पळा. एवढं करूनही खोकला राहिला, छातीत शिट्टीसारखा आवाज आला किंवा छाती आवळली, तर मॅरेथॉनची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. श्रमाने उठणारा दमा असतो, त्यावर औषध आहे आणि ते घेऊन माणसं छान पळतात. सासूबाईंची काळजी इथपर्यंत बरोबर आहे.

पोटऱ्यांचं कारण सोपं आहे. अंथरुणातून उठून थेट रस्त्यावर! गार पोटरीला ताण देऊन स्ट्रेचिंग करू नका, ते पळून आल्यावर. आधी घरातच पायऱ्या चढा-उतरा, टाचा वर-खाली करा, जागेवर गुडघे उचला. कानांवर हलकासा घाम आला की बाहेर पडा.

रविवारी यवतेश्वरचा घाट चढत असाल, तर एक गोष्ट नक्की पाळा. चढ संपतो तेव्हा अंग घामाने निथळत असतं आणि कास पठाराकडून येणारा वारा थेट अंगावर येतो. सुती बनियन ओलं झालं की पाठीला चिकटून बसतं, वाळत नाही, आणि उतारावर अंग काकडतं. आत घाम झटकणारा टी-शर्ट, वर पातळ जॅकेट, आणि वर पोचल्यावर बदलायला एक कोरडा टी-शर्ट कमरेच्या पिशवीत ठेवा. पाणीही प्या. थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातच असतो.

आता ज्यासाठी मला तुम्हाला खरं म्हणजे लिहायचंच होतं, ते तुमच्या सात मिनिटांबद्दल. त्यात तुमची मेहनत आहेच, पण थंडीचाही वाटा आहे. गार हवेत शरीराला स्वतःला थंड ठेवायला फार कष्ट पडत नाहीत, म्हणून त्याच दमात जास्त वेग मिळतो. सात मिनिटांच्या हिशेबाने ४२.१९५ किलोमीटर चार तास पंचावन्न मिनिटांत होतात, आणि हा आकडा तुमच्या मनात बसला असणार. मुंबईत पहाटेही हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो, आणि सूर्य वर आला की नाडी वाढत जाते. त्यातच परतीला, पाय संपत आलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. म्हणून सुरुवात किलोमीटरला सव्वासात-साडेसात मिनिटांच्या वेगाने करा. पाच तासांच्या आतचा हट्ट या वर्षी सोडा, मी मनापासून सांगतो. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा सकाळी दहाच्या उन्हात हळू पळा. सुट्टीच्या दिवशी जमेल. मुंबईचा दमटपणा साताऱ्यात मिळणार नाही, पण उन्हाची सवय होईल. त्या दिवशी मीठ-साखर-लिंबाचं पाणी घेऊन पोटाला चालतं का तेही बघा.

आणि सासूबाईंना हेही सांगा, की आपल्याच जिल्ह्यातल्या, माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या.

प्रश्न : सर, मी सांगलीजवळच्या गावात राहतो. पहाटे नदीकाठच्या रस्त्यावर धुकं असतं. हेडलॅम्प लावून पळालं तर चालेल का?

उत्तर : हेडलॅम्प पुरत नाही. सध्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आहे आणि त्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चालला आहे. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, आणि कडेने वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, हातभर बाहेर आलेले असतात. धुक्यात ते तोंडाशी आल्याशिवाय दिसत नाहीत. दाट धुक्यात हेडलॅम्पचा उजेडही परत डोळ्यांवरच येतो. रिफ्लेक्टर जॅकेट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने पळा, कानात इयरफोन नकोत. धुकं दाट असेल त्या दिवशी रस्ता सोडून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, पण हंगाम संपेपर्यंत माझा आग्रह हाच राहील.