पुस्तकातला वेग आणि आपली नळी

(सदर : विचारा आर्मररला. उत्तरं देणारे लष्करातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, आहेत, मुक्काम कसबा बावडा, कोल्हापूर.)

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला असतो. तिथं कायद्यानं चालतं, म्हणून .308 रायफलची काडतुसं तो घरीच भरतो. काडतुसं भरायची मापं देणाऱ्या पुस्तकात 168 ग्रेनच्या (सुमारे 11 ग्रॅमच्या) गोळीला सेकंदाला 2,650 फूट वेग दिलाय, याला 2,560 च मिळतो. दारू पुस्तकातल्या कमाल मापाएवढी भरलीय, नळी 20 इंची आहे. ‘आत्या, अजून चिमूटभर वाढवली तर काय होतंय?’ म्हणतो. मला काळजी वाटते. – एक वाचक, कागल

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे. पुस्तकवाल्यांनी वेग मोजला ती नळी किती इंची होती, हे त्याला आधी बघायला सांगा. बहुतेक 24 इंची निघेल. या जातीच्या काडतुसात नळी इंचभर कापली की साधारण 20 ते 25 फूट वेग जातो. चार इंचांचे झाले ऐंशी ते शंभर. त्याचे नव्वद फूट तिथंच गेलेत. काडतूस पुस्तकाप्रमाणे चाललंय, जळत्या दारूचा आतला दाबही बहुधा कमाल मर्यादेपाशी आलाय. आता दारू वाढवली तर वेग येईल, पण तो मर्यादा ओलांडून येईल.

.308 ची अमेरिकन दाबमर्यादा चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. मोटारीच्या टायरात बत्तीस-तेहतीस असतात, म्हणजे बघा. शिवाय बिनधुराच्या दारूचा स्वभाव असा, की दाब वाढला की ती जास्त जोरात जळते, आणि जोरात जळली की दाब अजून चढतो. त्यामुळं वेग एक-दोन टक्के वाढतो तेव्हा दाब त्याच्या कितीतरी पुढं गेलेला असतो. एवढं करून पदरात काय पडतं? तीनशे यार्डांवर गोळी इंच-सव्वा इंच वर लागते, एवढंच. दुर्बिणीचे एक-दोन क्लिक फिरवले की काम झालं!

तो म्हणेल, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी) चपटा दिसत नाही, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा खिट्टा) सहज उघडतोय, पितळी पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा नाही, मग भीती कसली? जास्त दाबाच्या या खुणा उशिरा येतात. पितळ दबायला लागलं म्हणजे मर्यादा मागंच गेलेली असते, आणि काही रायफली खूण न दाखवताच मर्यादा ओलांडतात. पूर्वी दाब मोजताना चाचणीच्या नळीला भोक पाडून दट्ट्या बसवायचे, त्यावर तांब्याचा छोटा तुकडा ठेवायचे आणि तो किती चेपला त्यावरून आकडा काढायचे. आता विजेवर चालणारा सेन्सर असतो. घरी यातलं काहीच नसतं, वेग मोजायचं यंत्र तेवढं असतं. त्यात आपल्या नळीच्या मानानं जास्त वेग दिसला तर खूश व्हायचं नाही, दारू कमी करायची. फुकटचा वेग कुठं मिळत नाही.

पुंगळी, प्रायमर, गोळी, दारूचा डबा, यातलं काहीही बदललं की पुस्तकातल्या सुरुवातीच्या, म्हणजे सगळ्यात कमी, मापावर परत यायचं. लष्करी पुंगळीचं पितळ बहुधा जाड असतं. आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. गोळी नळीतल्या आट्यांना (तिला फिरकी देणाऱ्या खाचांना) टेकेल इतकी बाहेर बसवली तरी दाब चढतो. टेक्सासच्या उन्हात गाडीत तापलेलं काडतूसही थंडीत तपासलेल्यासारखं वागत नाही. आणि घाबरून सुरुवातीच्या मापाच्या खालीही जाऊ नये. सावकाश जळणाऱ्या दारूत तेही धोक्याचं.

वेगच हवा असेल तर पुस्तकात त्याच गोळीला, त्याच मर्यादेत जास्त वेग देणारी दुसरी दारू शोधावी, नाहीतर लांब नळी घ्यावी. आपल्या ईशापूरच्या (पश्चिम बंगाल) कारखान्यानं जुन्या .303 च्या ठेवणीची रायफल 7.62 साठी, म्हणजे .308 च्या लष्करी भावंडासाठी, काढली, तेव्हा जास्त दाबासाठी पोलाद बदललं होतं. भाच्याला पोलाद बदलता येणार नाही.

प्रश्न : आपल्याकडे घरी काडतुसं भरता येतील का? माझ्याकडे रायफलीचा परवाना आहे. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : त्या परवान्यावर नाही. काडतूस तयार करायला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. व्हिडिओ बघून सुरू केलंत तर थेट तुरुंगाची वाट आहे.

प्रश्न : मी 50 मीटरला .22 मारतो. जास्त वेगाची काडतुसं घेतली तर गुण वाढतील का? – एक खेळाडू, राधानगरी

उत्तर : तुझ्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 451.4 गुणांवर कांस्य आणलं, ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून मारायच्या प्रकारात. या खेळातली सामन्याची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आत ठेवलेली असतात. त्याहून जोरात सुटलेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना डगमगते, आणि तुझं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं आहे. मोठे नेमबाज रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, आपल्या नळीला कुठला लॉट (एका वेळी बनलेली खेप) मानवतो ते बघतात आणि तोच उचलतात. तुला तेवढं जमणार नाही, तर प्रशिक्षकांना विचारून दोन-तीन लॉटची एकेक डबी घे, रायफल टेकूवर ठेवून प्रत्येकाचे दहा-दहाचे गट मार. ज्याचा गट लहान, त्याच्याच पेट्या घे. आणि .22 च्या रिकाम्या पुंगळ्या जमवत बसू नकोस. तिचा पेटणारा मसाला कडेच्या घडीत असतो, ती परत भरता येत नाही.