इलेक्ट्रिक सायकलवर कंबर आणि मनगटं दुखतात, सस्पेन्शन बदलू का सीट?

म्हणजे साताऱ्यात समर्थ मंदिराकडून एमआयडीसी, जाऊन येऊन रोज १५-१६ किमी, दोन महिन्यांत कंबर धरली, हातांना मुंग्या येतात, आणि दहा हजार घालायची तयारी आहे तर पुढचं सस्पेन्शन भारी टाकू का गुबगुबीत जेल सीट, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको राव. निदान आत्ता तरी नको. मी शाहूपुरीतून तिकडंच जातो, तिसरं वर्ष चालूय, आणि तुम्ही ज्या क्रमानं पैसे उडवायच्या बेतात आहात त्याच क्रमानं मी माझे थोडे उडवून बसलोय.

आधी का दुखतंय ते बघा. साध्या सायकलवर जोर लावून पॅडल मारताना बरंचसं वजन पायांवर असतं, खड्डा दिसला की बूड आपोआप उचललं जातं. इलेक्ट्रिकवर मोटर ओढते, पाय नुसते फिरतात आणि थ्रॉटल (पॅडल न मारता हातानं मोटर पळवायची सोय) असेल तर तेही नाही, मग आपण पोत्यासारखं सीटवर बसून राहतो आणि प्रत्येक दणका सरळ मणक्यात. वर माझी सायकल २३ किलोची, मोटर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध, म्हणजे मागचं चाकच जड, ते खड्ड्यात आदळतं ते दगडासारखं. दणका येतो मागून आणि आपण पैसे घालतो पुढच्या चिमट्यात, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमध्ये. राजवाड्याकडून पोवई नाक्याला उतारानं येताना थ्रॉटल सोडा, पॅडल आडवी ठेवा आणि स्पीड ब्रेकरवर जरा उभं राहा, एवढ्यानंच तुम्हाला फरक कळेल आणि खर्च शून्य.

दुसरी फुकटातली गोष्ट हवा. मी सायकल घेतली तेव्हा दुकानात हवा अशी ठासून भरलेली की अंगठा जराही आत जाईना, आणि मला वाटलं कडक टायर म्हणजे चांगला टायर. पुढं गेज आणलं तर ५८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघाली! टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त लिहिलेलं असतं, माझ्यावर ३० ते ६० आहे. मी ८४ किलोचा, पाठीला डबा आणि पाण्याची बाटली, आता मागं ४२ आणि पुढं ३५ ठेवतो. दर दोन दिवसांनी दोन-तीन पीएसआय कमी करत गेलो, खड्ड्यात रिम ठणकन लागली की समजायचं फार खाली आलो, तिथून थोडी परत भरायची. याच्याखाली गेलात तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपून दोन भोकं एकदम पडतात, साप चावल्यासारखी, मग मला शिव्या घालू नका. बॅटरी किंचित जास्त जाते, पण १५ किमीत ते जाणवत नाही. हवेचा टायर मुळात आरामासाठीच निघालाय हो, १८८८ साली पेटंट घेणाऱ्या डनलॉपनं तो पहिला बसवला पोराच्या तीनचाकीला, आणि आपण त्यात हवा ठासून परत दगड करतो. गेज असलेला फूटपंप घरीच घ्या. पेट्रोल पंपावरच्या मशीननं सायकलची एवढीशी ट्यूब डोळ्याचं पातं लवतंय तोवर भरते आणि मग अंदाज राहत नाही.

टायर झिजलेच असतील तर पुढच्या वेळी थोडे रुंद घ्या. टायरवर ५४-५८४ असं काहीतरी लिहिलेलं असेल, ५८४ म्हणजे २७.५ ची रिम, तो आकडा बदलायचा नाही, पहिला आकडा रुंदी, तो ५७ किंवा ६० चालेल का ते बघायचं. चालतो का म्हणजे फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना आणि मडगार्डखाली बोटभर जागा उरते का. मी न मोजता ६० चा आणला, पहिल्या पावसात मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल अडकून चाक किरकिर करत जाम, शेवटी मडगार्डच काढलं आणि पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कामावर गेलो.

आता पैसे कुठं घालायचे. सीट पिलर, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये जाणारी दांडी. सस्पेन्शनवाला पिलर मिळतो, आत स्प्रिंग असते, माझा १,४०० चा साधा सरळ वर-खाली होणारा आहे. दुसरा प्रकार चार पट्ट्यांच्या सांध्याचा, तो खाली आणि जरासा मागं जातो, दणका जास्त चांगला खातो, पण महाग, तुमचं सगळं बजेट एकटाच खाईल. कंबरेसाठी मला सगळ्यात जास्त उपयोग या एका गोष्टीचा झाला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण घ्यायच्या आधी जुना पिलर बाहेर काढून त्याच्यावर कोरलेला नंबर वाचा: २७.२, ३०.९, ३१.६ असं काहीतरी मिमीत असतं. डोळ्यांनी सगळे सारखेच दिसतात, पण अर्ध्या मिमीनं सुद्धा बसत नाहीत. आणि फ्रेमच्या वर पिलर किती दिसतोय तेही मोजा, कारण यांत स्प्रिंगची जागा लागते, उंची कमी असली आणि सीट आधीच फ्रेमला टेकत आली असेल तर हा बसणारच नाही.

माझं काय झालं, फ्रेम ३१.६ ची आणि मिळाला पिलर २७.२ चा. एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांना म्हटलं अॅल्युमिनियमचा बुश, म्हणजे मधली फट भरणारी पोकळ नळी, करून द्या, बाहेरून ३१.६, आतून २७.२. त्यांनी व्हर्निअर लावून दोनदा मोजलं, ९० मिमी लांबीचा सुरेख बुश कापून दिला, १५० रुपये. खूश होऊन बसवला, क्लॅम्प पिळून आवळला आणि निघालो. कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत सीट तीन बोटं खाली आणि गुडघे हनुवटीला लागायचे बाकी. संध्याकाळी काकांकडं गेलो तर ते हसायलाच लागले, "अहो, चीर कुठं पाडलीय? त्यो आवळणार कसा?" बुशला उभी चीर लागते, आणि ती फ्रेमच्या मागच्या चिरेच्या बरोबर रेषेत ठेवायची, तेव्हा क्लॅम्प पिलरला धरतो. तयार बुश ऑनलाइन पण मिळतात, चीर पाडलेले. पिलरवरची कमीत कमी आत घालायची खूण मात्र आतच राहू द्या.

पिलरच्या बुडाला एलन कीचा (षटकोनी पान्ह्याचा) स्क्रू असतो, त्यानं स्प्रिंग कडक-सैल होते. नुसतं बसल्यावर साधारण एक-दीड सेंटीमीटर दबला पाहिजे. तेवढी सीट नेहमीपेक्षा वर ठेवा, नाहीतर गुडघे बोलायला लागतील.

सीटबद्दल. मऊ सीट दुकानात अंगठ्यानं दाबून बघितली की छान वाटते, चौथ्या किलोमीटरला बूड त्यात रुततं, मधल्या भागावर दाब येतो आणि सुन्न पडतं. जेलचं कव्हर त्याहून वाईट, ते सरकतं. बसायची दोन हाडं असतात, ती सीटवर नीट टेकली पाहिजेत. ती कशी मोजायची तर किराणाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ चड्डीवर त्याच्यावर बसा, जरा पुढं वाका, उठा. दोन खळगे पडतात. मधलं अंतर मोजा, त्यात साधारण दोन सेंटीमीटर मिळवा, तेवढी रुंद सीट बघा. मी हे करत असताना बायको जिन्यावरून खाली आली आणि काही न बोलता परत वर गेली. असो. माझं १२ आलं, १४ च्या आसपासची बऱ्यापैकी कडक सीट घेतली, पहिला आठवडा कुरकुर, नंतर विसरलो.

मनगटांचं कारण बहुतेक हँडलमध्ये नाही, सीटमध्येच असतं. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढं घसरतो आणि सगळं वजन तळहातांवर. लेव्हल लावून नाक सपाट करा, दोन दिवस बघा. तरी मुंग्या येत असतील तर हँडल वर घ्या. स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) वॉशर असतील तर ते वर-खाली करता येतात, नाहीतर हँडल उंच करणारा २८.६ मिमीचा रायझर मिळतो. पण हँडल वर घेतल्यावर ते पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून केबल ताणतायत का बघाच. मी बघितलं नाही, ब्रेकच्या दांडीतनं येणारी मोटर बंद करायची बारीक वायर जोडातनं सुटली, आणि पोवई नाक्यावर ब्रेक दाबतोय तर मोटर आपली ओढतीच आहे. समोर रिक्षा. वाचलो. सोबत तळहाताला टेकू देणाऱ्या रुंद ग्रिप घ्या, एलन कीनं आवळायच्या, नुसत्या रबराच्या घामानं फिरतात.

पुढचं सस्पेन्शन शेवटी. त्याच्या डोक्यावर उजव्या बाजूला लॉकचं बटण असतं, ते सुरू आहे का बघा, हसू नका, आमच्या शेजाऱ्यांनी सहा महिने लॉक करूनच चालवली आणि कंपनीला नावं ठेवत होते. नळ्या रोज फडक्यानं पुसा, तेल फवारू नका, आतलं ग्रीस धुवून जातं. चांगला हवेचा चिमटा बदलायचा तर नळीची लांबी, जाडी, डिस्क ब्रेकची जागा सगळं जुळवावं लागतं आणि तोवर दहा हजार कधीच संपलेले असतात. आणि तुमची मोटर पुढच्या चाकात असेल तर चिमट्याला हातच लावू नका, मोटरच्या पिळानं हलक्या अॅल्युमिनियमची खाच फुटते.

मागचा टायर बदलताना पंक्चरवाले घाबरतात. आमचा म्हणाला, "ह्ये चाक मी काढणार न्हाय बघा, वायर तुटली म्हंजी तुमी मलाच धरणार." मोटरचा जोड फ्रेमच्या खालच्या नळीजवळ असतो, दोन बाण समोरासमोर असतात, तो सरळ ओढायचा, पिळायचा नाही. पान्हा माझ्या मोटरला १८ चा लागला. नटाखाली दात असलेला वॉशर असतो, तो खाचेत परत तसाच बसवा, नाहीतर आस फिरून वायरी पिळून निघतात. नुसतं पंक्चर असेल तर चाक काढायचीच गरज नाही, एका बाजूनं टायर उतरवून ट्यूब बाहेर ओढली की चकती लावता येते.

आज संध्याकाळी नुसती हवा कमी करा आणि सीटचं नाक बघा, आणि पिलर काढलात की त्याच्यावरचा नंबर इथं टाका. ३१.६ निघाला तर लेथवाल्या काकांकडं जायला मी पण येतो, माझाही बुश आता थोडा ढिला झालाय.