कलेक्टरचा करंट एमिटरपेक्षा जास्त कसा?

प्रश्न : काका, बीसी ५४७ वापरून कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर ब्रेडबोर्डवर जोडला. सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून (सप्लायकडून) ४७ के (किलोओहम), खाली (ग्राउंडकडे) १० के, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के. आउटपुट काहीच नाही. ट्रान्झिस्टर दोनदा बदलला. मीटरवर बेस २.६४, एमिटर १.९४, कलेक्टर १.९६ व्होल्ट. काय चुकतंय?
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : पोरी, आकडे पाठवलेस हे फार बरं केलंस. नुसतं ‘चालत नाही’ लिहिणाऱ्यांना मी काय कपाळ सांगणार?

ट्रान्झिस्टर बिचारा चांगला आहे. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट आहेत. पण कलेक्टर एमिटरला जवळजवळ चिकटलाय, म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेट झालाय, पूर्ण उघडून अडकलाय. आता हिशोब कर. एमिटरच्या १ के वर १.९४ व्होल्ट, म्हणजे १.९४ मिलिअँपिअर. कलेक्टरच्या रेझिस्टरवर १०.०४ व्होल्ट, ४.७ के ने भागलं की २.१४ मिलिअँपिअर. एमिटरमधून कलेक्टरचा आणि बेसचा, दोन्ही करंट जातात. मग कलेक्टरचा एकट्याचा त्याहून जास्त कसा? तिथे ४.७ के नाहीच! तो बेसच्या वर बसलाय आणि ४७ के कलेक्टरला. तसं धरून मांडलं की तुझे तिन्ही आकडे बरोबर जुळतात.

पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ के, पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ के. पिवळ्या बल्बखाली नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. नवी पेठेत रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत भोंग्यांचे अ‍ॅम्प्लिफायर रात्री उशिरापर्यंत यायचे. हीच चूक करून मी एकदा पहाटेपर्यंत जागलोय.

अदलाबदल केलीस की बेस साधारण २.०५, एमिटर १.४, कलेक्टर ५.४ यायला हवा. मगच सिग्नल दे. मोबाइलचा १ किलोहर्ट्झचा टोन थेट नको, लाट वरून-खालून कापली जाईल. १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर करून १०० ओहमवरून घे. तो शंभरावा हिस्सा होतो. इनपुट कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचं प्लस बेसकडे. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर नसेल तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) जेमतेम साडेचार मिळेल, लावलास की दोनशेच्या वर जाईल. कॉलेजच्या सीआरओवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) दोन्ही करून बघच, मजा येते.

आणि रेझिस्टर मोजताना सप्लाय बंद ठेव, एक पाय बोर्डातून काढ. नाहीतर मीटर शेजारच्यांनाही धरून मोजतो.