लंडनला चाललोय, रिपरच्या जागा बघाव्यात का?

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही दोघं लेकाकडे लंडनला चाललोय. कॉलेजात असल्यापासून जॅक द रिपर डोक्यात बसलाय, ते खून झाले त्या जागा बघायच्यात. सौ. म्हणते, असल्या जागी कसलं फिरायला जायचं! तिथे बघण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, जा की खुशाल, फक्त धुकं आणि गॅसच्या दिव्यांची अपेक्षा ठेवू नका, पूर्व लंडनमधलं व्हाइटचॅपल, जिथे रिपरने पाच बायकांचे खून केले असं मानतात, ते १८८८ चं व्हाइटचॅपल आता फारसं राहिलेलंच नाही. मेरी अ‍ॅन निकोल्स, त्यातली पहिली, हिचा मृतदेह जिथे सापडला तो बक्स रो म्हणजे आजचा डरवर्ड स्ट्रीट, व्हाइटचॅपल स्टेशनच्या अगदी मागे, तिथली जुनी शाळेची इमारत उभी आहे पण तिच्यात फ्लॅट झालेत. दुसरी, अ‍ॅनी चॅपमन, सापडली ते हॅनबरी स्ट्रीटचं २९ नंबरचं घर पाडलं, तिथे ब्रुअरीची इमारत आली. शेवटची बळी मेरी केली राहायची तो डॉर्सेट स्ट्रीट तर नकाशावरूनच गेला.

संध्याकाळच्या टूर भरपूर असतात, पण मला त्या आवडत नाहीत, लोकांच्या खिडक्यांखाली उभं राहून आतडी-कोथळ्याची वर्णनं! खुनी कोण ते आजतागायत ठरलेलं नाही, तेव्हा गाईडने छातीठोकपणे नाव सांगितलं तरी फार मनावर घेऊ नका. केबल स्ट्रीटवरचं रिपर म्युझियमही सोडा, बायकांच्या इतिहासाचं म्युझियम करतो म्हणून परवानगी घेतली आणि २०१५ मध्ये उघडलं ते हे, लोकांनी निदर्शनं केली होती तेव्हा.

त्यापेक्षा दिवसा जा आणि त्या पाच बायकांच्या मागावर फिरा. निकोल्स आणि अ‍ॅनी चॅपमन, दोघींकडे त्या रात्री लॉजिंग हाऊसमधल्या खाटेचे पैसे नव्हते, चार पेन्स वगैरे, म्हणून बाहेर काढलं होतं, आणि दोघीही चाळिशी उलटलेल्या. कॅथरिन एडोज दारू प्यायली म्हणून बिशप्सगेट पोलीस चौकीत होती, रात्री एकच्या सुमाराला सोडली आणि पाऊण तासात मायटर स्क्वेअरमध्ये तिचा मृतदेह सापडला. त्या चौकातून उभं राहून बघितलं की कळतं, किती जवळजवळ घडलंय हे सगळं.

स्पिटलफील्ड्सचं क्राइस्ट चर्च तेव्हाचंच आहे, समोर टेन बेल्स पब, १९७६ ते ८८ त्याचं नावच जॅक द रिपर होतं, मग विरोध झाला आणि जुनं नाव परत आलं. सौ.ना तिथवर आणा, पुढे ब्रिक लेन लागूनच आहे, खरेदी आणि खाणं दोन्ही होईल, मग त्या नाही म्हणणार नाहीत.