डब्यांना माप घाल, पण माहेरी जा

प्रश्न : ताई, मी पाचोऱ्याची. वय ३८, दोन मुलं, एकत्र कुटुंबात आम्ही सात जण. वजन ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच. श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसली की घरात कढई उतरतच नाही. तिच्या नैवेद्याचे रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात, त्यात चार दिवस गेले. मग पोळा, गौरी-गणपती, पित्तर. नवरात्रात नऊ दिवस उपास धरले तरी दोन किलो वाढले. दसऱ्यानंतर रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर ११२ आली. डॉक्टर म्हणाले, सांभाळा. आता दिवाळी तोंडावर आहे. दिवसभर मी गोडाला हात लावत नाही. पण रात्री सगळे झोपले की डबा उघडते, ओट्याशी उभी राहून खाते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच्या रागाने उपाशी राहते. कानबाईला जेठाणी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्यामुळे रोट संपायची काळजी नसते." ते अजून कानातून जात नाही. माहेरी धरणगावला गेलं की आई ताटावरून उठू देत नाही, आणि वहिनी माझ्या ब्लाऊजच्या मापावरून बोलते. यंदा फराळाचं काहीच खायचं नाही आणि भाऊबीजेला जायचंही नाही, असं मनाशी ठरवलं आहे. अनारसे मला फार आवडतात, त्यांची तर भीतीच वाटते. माझं चुकतं आहे का?

उत्तर :

भाऊबीजेला जा. साखर, वजन, फराळ हे सगळं मागून बोलू, पण हे आधी सांगते, कारण तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हेच लागलं. वजनाच्या लाजेने माहेर तोडू नकोस. भाऊ ओवाळायची वाट बघत असेल, आई खिडकीत असेल, आणि तू पाचोऱ्याला स्वयंपाकघरात बसून स्वतःला शिक्षा देत असशील, तर त्या दुपारी तू डबा उघडणार नाहीस असं तुला खरंच वाटतं?

आता त्या रात्रीच्या डब्याबद्दल. तू ते शरमेने लिहिलं आहेस, म्हणून सावकाश बोलते. दिवसभर गोडाला हात न लावणारी बाई रात्री डबा उघडते, यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. सकाळी रागाने उपाशी राहिलेलं शरीर संध्याकाळपर्यंत भुकेने व्याकूळ होतं. त्यात दिवसभर तूच तळतेस, तूच वाढतेस, वास तुझ्याच नाकात. मन "नको, नको" म्हणत राहतं आणि रात्री अकराला, कोणी बघत नसताना, शरीर आपली उधारी वसूल करतं. मग पुन्हा राग, पुन्हा उपास. हे चक्र तोडायचं असेल तर ते रात्रीच्या टोकाला तुटत नाही, सकाळच्या टोकाला तुटतं. आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळी वेळेवर खा. ज्वारीची भाकरी आणि उडदाचं घुटं, नाहीतर मुगाचं धिरडं, बरोबर दही. आठ-पंधरा दिवस एवढं एकच नेमाने कर आणि रात्रीचा डबा किती हलका होतो ते बघ.

मात्र हे दर आठवड्याला होत असेल, खाताना थांबताच येत नसेल आणि तीन-तीन महिने असंच चालू असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांग. याला उपचार आहेत. सांगायला तोंड उघडत नसेल तर १४४१६ ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारची 'टेलिमानस' मोफत हेल्पलाइन आहे. मराठीतून बोलता येतं आणि तुझं नाव गावात जात नाही.

उभ्याने खाण्याचंही बोलू. तू सगळ्यांना वाढून शेवटी जेवतेस, हे तू लिहिलं नाहीस पण मला माहीत आहे, कारण सात माणसांच्या घरात सून तशीच जेवते. धाकट्याच्या ताटातली अर्धी पोळी, कढईतलं शेवटचं भजं, "तिखट बरोबर पडलं का" म्हणून चाखलेली शेव. यातलं काहीच जेवणात मोजलं जात नाही. मग तू ताट घेऊन बसतेस तेव्हा पोट भरलेलं असतं आणि मन उपाशी. घरात सांग की निदान दिवाळीचे पाच दिवस सगळ्या बायका पहिल्या पंगतीला बसतील आणि पुरुष वाढतील. सासूबाईंना कसं वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही सांगते आहे. ते जमलंच नाही, तर निदान स्वतःचं ताट आधी वाढून झाकून ठेव आणि तेवढंच जेव.

कानबाईच्या रोटांचा तू धसका घेतला आहेस, पण मला त्या रोटांतच तुझ्या दिवाळीचं उत्तर दिसतं. माझ्या माहेरी रोटाचं धान्य घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ घेत. मूठभर, मोजून. आजी पाटावर बसून नावं घ्यायची आणि आई मूठ टाकायची. त्याचं जे होईल ते होईल, त्यापेक्षा जास्त नाही. एवढ्या थोरल्या सणाला आपल्या बायकांनी माप घालून ठेवलं होतं. दिवाळीच्या डब्यांना ते माप कोणी घातलंच नाही. धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी कढई चढते, त्या दिवसापासून "नमुना बघ" सुरू होतं, शेजाऱ्यांची ताटं येतात, आणि तुळशीचं लग्न लागलं तरी तळाशी शंकरपाळ्या असतातच. दिवाळी पाच दिवसांची, खाणं महिनाभराचं. वजन वाढतं ते या महिन्यात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात नव्हे.

म्हणून सासूबाई आणि जेठाणीशी आत्ताच बस आणि ठरव, यंदा काय काय आणि किती किलोचं. सात माणसांना पाच दिवस आणि शेजारपाजारच्या ताटांपुरतं, एवढाच हिशोब. सहा-सात जिनसांऐवजी तीन-चार करा, पण मन लावून. तळणी आठ दिवस आधी काढू नका, दोन दिवस आधी काढा. डबे ओट्यावर नकोत, आतल्या खोलीत वरच्या फळीवर ठेवा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जे उरलं असेल ते कामवाल्या बाईला, शेतावरच्या माणसांना, बसस्टँडवर राबणाऱ्यांना चांगल्या पुड्या बांधून द्या. शिळं झालेलं देऊ नका, ताजं आहे तोवर द्या.

आणि अनारसा खा. दुपारी चारला, खाली बसून, चहाबरोबर, सगळ्यांसमोर, ताटलीत एक. तो पूर्ण चवीने खा, खसखस दाताखाली येऊ दे. भीत भीत खाल्लेल्या चार अनारशांपेक्षा त्या एकाने तुझं मन जास्त भरेल. बाकी ज्याची तुला तेवढी आवड नाही ते केवळ समोर आलं म्हणून उचलू नकोस. चकली आवडत नसेल तर चकली नाही. एक ग्रॅम तेला-तुपात ९ कॅलरी असतात, पिठात आणि साखरेत ४. त्यामुळे तळलेला जिन्नस छोटा दिसला तरी भारी असतो. न आवडणाऱ्या गोष्टीवर तो भार का घ्यायचा?

नवरात्राचं थोडक्यात सांगते, कारण ते कोडं सोपं आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी असतात, म्हणजे ज्वारीच्या पिठाएवढ्याच, पण प्रथिनं आणि चोथा जवळजवळ नाही. त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. साखर ११२ असताना नऊ दिवस हे खाणं म्हणजे उपास झालाच नाही. पुढच्या वेळी देवीला सांग की एक वेळ जेवेन. भगर घे, ताक घे, फळ घे. केळी आपल्या जिल्ह्याची शान आहेत, पण उपासाला एका बैठकीला अर्धा डझन खायची आपली सवय मोड. एक पुरे.

आता साखर. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आत पाऊल पडलेलं नाही. डॉक्टरांना विचारून एचबीए१सी ही तपासणी करून घे, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ असेल तर तोही उंबरठाच. आणि हे नीट वाच. चेन्नईत अशाच उंबरठ्यावरच्या भारतीय माणसांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. खाण्यापिण्यात बदल आणि नियमित हालचाल एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. म्हणजे काटा हलला नाही तरी आतमध्ये फायदा होत असतो. तू रोज काट्यावर उभी राहून रडत असशील तर हे मुद्दाम लक्षात ठेव.

काट्याचं आणखी एक. दिवाळीच्या चार दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलेलं दिसेल. गोडधोड खाल्लं की शरीर साखरेचा साठा करतं आणि त्या साठ्याबरोबर पाणी धरून ठेवतं, खारट फराळाने आणखी पाणी राहतं. त्यातलं बरंचसं आठवड्याभरात उतरतं. घाबरून उपास करू नकोस. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी वजन कर, आणि या पाच दिवसांत काट्याकडे जाऊच नकोस. अमेरिकेत १९५ जणांचं वजन नाताळ-नववर्षाच्या सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर मोजलं होतं, २००० साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. लोकांना मात्र वाटत होतं की कितीतरी जास्त वाढलं. वाईट एवढंच की ते थोडंसं वाढलेलं पुढे उतरलं नाही, वर्षावर वर्ष साठत गेलं. म्हणून सण संपल्यावर डबे रिकामे होणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

रात्री जेवण झालं की लगेच आवराआवरीला लागू नकोस, आधी दहा-पंधरा मिनिटं चालून ये. जेवणानंतर चाललं की चढणारी साखर कमी चढते. नवऱ्याला घे बरोबर, भांडी कुठे पळत नाहीत. आणि ताटावर बसलीस की आधी कोशिंबीर, भाजी, वरण खा, पोळी-भात आणि गोड मागून. वरण-बट्टी असेल त्या दिवशी बट्टी एक घे, तुपाची धार स्वतःच्या हाताने सोड, आणि वांग्याची घोटलेली भाजी, वरण पोटभर खा. शेवभाजीची तर्री वरून काढून ठेव. एवढं करूनही सणाचं जेवण सणासारखंच लागतं.

जेठाणी जे बोलली ते वाईट बोलली. अन्नावरून माणसाला हिणवणं आपल्या घरात पूर्वीपासून चालतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पुढच्या वेळी तोंड खाली घालू नकोस आणि उलट टोमणाही मारू नकोस. तिच्याकडे बघून साध्या आवाजात म्हण, "भाभी, माझ्या वजनाचं मी डॉक्टरांशी बोलते आहे. सगळ्यांसमोर बोललेलं मला लागतं." एवढं बोलून थांब, पुढे काही समजावत बसू नकोस. धरणगावच्या वहिनीलाही हेच. एकदा म्हणून बघ. तुझा आवाज थरथरला तरी चालेल.

राहिली आई. खान्देशातला आग्रह मी अंगावर घेतलेला आहे. "खाई ले व माय, दिवाई शे!" म्हणत पोळीवर पोळी पडते, आणि हात आडवा धरला की आईचा चेहरा उतरतो, तिला वाटतं लेकीने आपल्याला नाकारलं. तिच्या हाताला काहीतरी करायचं असतं. ते तूच ठरवून दे. निघायच्या चार दिवस आधी फोन कर आणि सांग, "आई, माझी साखर वाढली आहे, डॉक्टरांनी जपायला सांगितलं आहे. मला तुझ्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खायची आहे, बरोबर ठेचा." भाऊबीजेपर्यंत भरताची हिरवी वांगी बाजारात आलेली असतात. आई ती स्वतः निवडून आणेल, काड्यांच्या जाळावर भाजेल, कांद्याची पात चिरेल. तेल जरा कमी सोडायला सांग, आणि दाणे घालू दे. मग तिने आग्रह केला तर पोटभर खा, दुसरी भाकरी मागून घे. पुरणपोळी केली असेलच, ती अर्धी घे आणि भावाच्या ताटात अर्धी टाक, लहानपणी टाकायचीस तशी.

फोन आजच कर. वांगी बघायला तिला वेळ मिळू दे.